महिपतचा कीबोर्ड

एकोणनव्वद साली मिरजोळ्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. बाकावर एक म्हातारे मांडीवर कीबोर्डचा उघडा खोका घेऊन बसले होते. शेजारी एमआयडीसीत कॉम्प्युटर जुळवून देणारा बाबू.

"सहदेवकाका, बाकी सगळं जुळतंय. हा कीबोर्ड तेवढा चालणार नाही."

"पिन तर बसली की रे आत."

"पिन बसते. पण हा जुन्या मशीनचा आहे आणि तुमच्या मशीनच्या आतला मुख्य बोर्ड नवा. कितीही बटणं दाबा, पडद्यावर अक्षर येणार नाही."

"माझ्या पोरानं, महिपतनं, पयला ह्योच घेतलान. मग गावाकडं येणाऱ्या माणसाबरोबर मशीनची एकेक वस्तू धाडलान."

"मशीनला लावून बघितला नव्हता?"

"मशीन होती कुठं? मुंबयच्या खोलीत ह्यो मांडीवर घेऊन नुसता बडवायचा. हात बसवतोय म्हणायचा. बघ, अक्षरं पुसलीत."

"मग पुढच्या खेपेला त्यालाच नवा आणायला सांगा."

"कोणाला सांगू? शिमग्यात गेला तो. कावीळ झाली."

"मला माहीत नव्हतं, काका."

"ह्या कीबोर्डाला जुळंल असा बोर्ड मिळंल?"

"मिळेल, पण जुना. फार हळू चालतो तो. चांगला बोर्ड देऊन तो घेणं म्हणजे नुकसान."

"हौसा बसणार हाय त्यावर, त्याची भैन. तिला घाई न्हाय."

"तरी विचार करा, काका."

"बोर्ड बदल, बाबू. एवढं बडवलान त्यानं, पण एक अक्षर उमटलेलं बघितलान न्हाय."