ताजा पर्म

सोलमधल्या एका दुकानात व्हीआरचा हेडसेट घालून बघायला रांग होती. तो बनवणारा मु-योल गिऱ्हाईक असल्यासारखा रांगेत उभा होता. आज एकही विकला गेला नाही, तर त्याचा विभाग बंद होणार होता. पुढे दोन बायका होत्या.

"बोकसिमताई, घाला ना! समुद्राचा तळ दिसतो म्हणे."

"आणि सकाळी केस कुरळे करून घेतले, तो पर्म? पार्लरमध्ये तीन तास मान अवघडून बसले गं!"

"पट्टा सैल ठेवा."

"मग समुद्र नाकावर घसरेल. बनवणाऱ्याला बायको नसणार."

मु-योल खाकरला. "मावशी, काकांसाठी घ्या की."

"हो, त्याच्या डोक्यावर बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही."

"मग बांधून देऊ?" आपण गिऱ्हाईक आहोत हे विसरून मु-योल म्हणाला.

"पण त्याला जाड भिंगांचा चष्मा आहे. तो कुठे ठेवायचा, समुद्रात?"