उत्तरेच्या पट्ट्याबद्दल नझीहाचं म्हणणं

नझीहा : ...आणि एकीनंही कान दिला नाही, मावशी. दोन डझन बायका, पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या, आणि सगळ्यांचं लक्ष खिडकीबाहेर. मी बोलतेय की फळा बोलतोय, कुणाला सोयरसुतक नाही.

दहबीया : आधी टेक इथे शाळेबाहेरच्या ओट्यावर. चहा घे. अस्रची, दुपारची नमाज होईपर्यंत सभा काही परत सुरू होत नाही.

नझीहा : नको मला चहा.

दहबीया : घे गं, बदाम टाकलेत. किती वेळ बोललीस?

नझीहा : असेल पंधरा-वीस मिनिटं.

दहबीया : माझे गुडघे मला वर्गाची पायरी चढू देत नाहीत, पण कान शाबूत आहेत. आधी तुझा आवाज आला, मग आणखी तुझा आवाज, आणि मग बाकांची करकर.

नझीहा : मग विषय दोन शब्दांत संपणारा आहे का? सोमवारी किनारा खुला करायचा म्हणतायत. शिंपले विकत घेणारा तो हम्मादी, त्याची गाडी सोमवारी येते म्हणून. उत्तरेच्या पट्ट्यात काल वाळू उकरून बघितली मी. नखाएवढे शिंपले. आत्ता खुरपं घातलं की पुढच्या वर्षी तिथं नुसता चिखल.

दहबीया : असं सांगितलंस त्यांना?

नझीहा : नीट सांगितलं. गाबेस शहरातून मासेमारी खात्याच्या त्या मॅडम आल्या होत्या ना उन्हाळ्यात, त्यांनी दिलेलं पत्रक वाचून दाखवलं. शिंपला अंडी कधी घालतो, पाणी किती ऊन लागतं, किती टक्के पिल्लं जगतात. एकदम सुरुवातीपासून.

दहबीया : अख्खं पत्रक?

नझीहा : चारच तर पानं आहेत. दोन्ही बाजूंनी.

दहबीया : अरे देवा.

नझीहा : तुम्ही पण. माझ्या मनचं सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, ही कोण मोठी शहाणी? म्हणून शिकलेल्या बाईचं सांगितलं. तर दुसऱ्या पानावर सालहानं जांभई दिली. मुद्दाम. पार घसा दिसेपर्यंत.

दहबीया : आणि तू गप्प बसली नसशील.

नझीहा : मी म्हटलं, ज्या हावरटांना आजच्या घासापलीकडं दिसत नाही, त्यांनी खुशाल जांभया द्याव्यात.

दहबीया : हावरट म्हणालीस. तीन पोरं एकटीनं वाढवणाऱ्या बाईला.

नझीहा : तिचं नाव नाही घेतलं मी.

दहबीया : जांभई तिनंच दिली होती ना? मग नाव कशाला घ्यायला हवं. काय म्हणाली ती?

नझीहा : म्हणाली, तुझा एकुलता एक मुलगा फ्रान्सात मार्सेयला कमावतोय, तुला थांबायला काय जातंय. आणि सगळ्या हसल्या. वीस मिनिटांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी ऐकलं, मावशी, तर ते हे.

दहबीया : खोटं बोलली का ती?

नझीहा : ...नाही. पण तो मुद्दा नव्हता.

दहबीया : तुझा नव्हता. तिचा तोच होता. तो बघ, तुझा दीर येतोय वही घेऊन.

लझहर : सलाम, मावशी. वहिनी, बरं झालं भेटलात. नमाजनंतर थेट हात वर करून मोजणी घेतोय. आता चर्चा नको. हम्मादीला आजच कळवायचंय.

नझीहा : चर्चा झालीच कुठं, भावजी? मी बोलले आणि तुम्ही म्हणालात, ‘मुद्दा नोंदवण्यात आला आहे.’ त्या वाक्यानं माणसाला खड्ड्यात घालून वर माती लोटता येते, तसं वाटलं मला.

लझहर : असं कसं? सचिव म्हणून मी प्रत्येकीचं म्हणणं उतरवून घेतो. तुमचंही घेतलंय.

नझीहा : वाचा बघू.

लझहर : हे काय. ‘श्रीमती नझीहा यांनी शिंपल्यांविषयी सविस्तर माहिती दिली.’

नझीहा : झालं?

लझहर : ‘सभेनं त्यांचे आभार मानले.’

नझीहा : आणि दीड महिना थांबायचं, हे कुठंय? उत्तरेचा पट्टा तेवढा बंद ठेवायचा, बाकी किनारा सोमवारी खुला करा, हे कुठंय?

लझहर : असं म्हणालात तुम्ही?

नझीहा : म्हणजे काय?

लझहर : वहिनी, मी शेजारी बसून लिहीत होतो. तुम्ही उष्णता म्हणालात, टक्के म्हणालात, हावरट म्हणालात. उत्तरेचा पट्टा तेवढा बंद, हे मी आत्ता, ह्या ओट्यावर पहिल्यांदा ऐकतोय. मला वाटलं तुम्हाला सगळाच किनारा बंद ठेवायचाय. सगळ्यांना तेच वाटलं.

दहबीया : लझहर, तिला बोलू दे परत.

लझहर : मावशी, त्या बायका आता अर्ध्या उठल्यात. घरी भाकरी टाकायच्यात सगळ्यांना.

दहबीया : दोन मिनिटं दे. ह्याच बाईनं तुला लहानपणी गोवर आला तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घेतलं होतं, ते वहीत नसेल.

लझहर : दोन. त्याच्यावर एक नाही. आणि वहिनी, पत्रक इथंच ठेवून या.

नझीहा : ...गेले. बघितलंत? वीस मिनिटं घसा फोडला आणि सांगायचं तेच राहून गेलं. माझ्या डोक्यात ते इतकं स्वच्छ होतं, की वाटलं सांगूनच झालंय. मी नाही जात आता आत. माझ्यानं होत नाही हे. चिखलात दिवसभर वाका म्हणा, वाकते. चार माणसांत उभं राहिलं की जीभ दुसऱ्याच कुणाची तरी होते.

दहबीया : मला एक सांग. पट्टा संपत चाललाय, हे तुला त्या मॅडमनं सांगितलं का?

नझीहा : नाही. मला आधीच माहीत होतं.

दहबीया : कसं?

नझीहा : हसाल तुम्ही.

दहबीया : हसू दे मग.

नझीहा : मी पावलं मोजते. उत्तरेच्या पट्ट्यात, किनाऱ्यापासून पहिला विकण्याजोगा शिंपला मिळेपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हापासूनची खोड आहे, चिखलातून चालताना जीव रमवायला. तेव्हा तीनशे पावलं व्हायची. तीन वर्षांमागं सहाशे झाली. गेल्या वर्षी अकराशे. काल सतराशे. सतराशे पावलं जायचं, आणि ओलं पोतं पाठीवर घेऊन तितकीच परत यायचं, तेही पाणी चढायच्या आत.

दहबीया : हे आत बोललीस?

नझीहा : हे काय बोलायचं? पावलं कुणी मोजतं का सभेत?

दहबीया : टक्के त्यांनी कधी पाहिले नाहीत, नझीहा. चालतात मात्र सगळ्या.

(तासाभरानं. शाळेकडून घरी जाणारी वाट.)

दहबीया : हळू चाल. माझी काठी तुझ्या रागाइतकी वेगात नाही चालत.

नझीहा : चौदा विरुद्ध अकरा.

दहबीया : तुझ्या बाजूनं अकरा?

नझीहा : अकरा. हरले. सोमवारी सगळं खुलं, उत्तरेचा पट्टापण. ह्या खेपेला बरोबर बोलले, मावशी, तरी हरले. पहिल्या वेळी निदान म्हणता येत होतं की मलाच नीट सांगता आलं नाही. आता काय म्हणू?

दहबीया : काय बोललीस ते तर सांग.

नझीहा : आधी सालहाकडं बघून म्हटलं, मी मघाशी जे बोलले ते वाईट बोलले. आणि तू बोललीस ते खरंय, मला थांबणं सोपं आहे, तुला नाही. म्हणून सगळा किनारा बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त उत्तरेचा पट्टा, फक्त दीड महिना. मग पावलं सांगितली. तीनशे, सहाशे, अकराशे, सतराशे. बस्स. दोन मिनिटंही झाली नसतील.

दहबीया : मग? जांभया?

नझीहा : एकही नाही. मागच्या बाकावरची म्हणाली, म्हणूनच माझं कंबरडं मोडलंय तर. कुणीतरी बोटांवर मोजायला लागलं. मला वाटलं, झालं, जिंकलं आपण. तेवढ्यात सालहा उठली.

दहबीया : भांडायला?

नझीहा : भांडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, आपण थांबायचं, आणि पलीकडच्या खाडीवरच्या बायका येऊन उत्तरेचा पट्टा खरवडून नेणार. त्यांना कोण थांबवणार? तुझी पावलं?

दहबीया : हं. मघाशी दाराशी दोघी-तिघी हेच कुजबुजत होत्या. मला वाटलं तुला ठाऊक असेल.

नझीहा : मला कसं ठाऊक असणार? मी बोलत होते.

दहबीया : काय सांगितलंस मग तिला?

नझीहा : काय सांगणार? पूर्वीची मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं. पण सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, खऱ्याखुऱ्या बघत होत्या. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याचा विचार मी केलाच नव्हता.

दहबीया : सगळ्यांसमोर?

नझीहा : सगळ्यांसमोर. भावजींनी तेवढं मात्र शब्दन् शब्द उतरवून घेतलं. आणि मग हात वर. चौदा विरुद्ध अकरा. वर्षभर मनात घोकलेली गोष्ट, आणि एका प्रश्नात संपली. इतका संताप येतोय ना, मावशी, आणि कुणावर काढावा तेच कळत नाही. ती चूक असती तर तिच्यावर काढला असता.

दहबीया : पहिल्या वेळी बोललीस तेव्हा तुझ्या बाजूनं किती जणी होत्या?

नझीहा : मी एकटी.

दहबीया : हं.

नझीहा : तुमचं ते हं मला नको. अकरा जणींनी पट्टा वाचत नाही.

दहबीया : मी कुठं म्हटलं वाचतो. सालहानं हात कुणाच्या बाजूनं केला?

नझीहा : माझ्या विरुद्ध. अगदी उंच. पण नंतर बाहेर चपला घालताना मला गाठलं तिनं. म्हणाली, रविवारी सकाळी माझ्याबरोबर पलीकडच्या खाडीवर येशील का? त्या बायकांनी उत्तरेला न यायचं कबूल केलं, तर मी लझहरला सांगून हा निर्णय फिरवते, माझ्या बाजूच्या पाच-सहा जणी माझं ऐकतात. मी म्हटलं, तूच जा ना, तुला बोलता येतं. तर म्हणाली, माझं बोलणं म्हणजे भांडण. पावलांचं तू सांग त्यांना. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग, ते तुला बरं जमतं.

दहबीया : टोमणा होता का?

नझीहा : तेच मला अजून कळलेलं नाही.

दहबीया : जाणार आहेस?

नझीहा : त्या बायका मला ओळखत नाहीत. दारातूनसुद्धा हाकलतील. आणि त्यांना कशाची भीती आहे, त्यांच्या घरात काय चाललंय, मला काय माहीत?

दहबीया : मग आधी तेच विचार. आणि आज लवकर झोप. घसा पार बसलाय तुझा.