पाहुण्यांची चादर

हसू नका, पण डहाणूला हवा मोजायला गेलो आणि मोजायला हवाच मिळाली नाही! सुकत घातलेल्या बोंबलांवर रोज काळी धूळ बसते, अशी एका कोळीण मावशींची तक्रार होती. मी तपासणीवाला. सकाळी त्यांच्याच गच्चीवर यंत्र लावलं आणि म्हटलं, "मावशी, नाजूक आहे, सांभाळा."

दुसऱ्या दिवशी बघतो तर यंत्र चादरीत गुंडाळलेलं! आतला धूळ टिपणारा कागद कोरा करकरीत.

"मावशी, हे काय केलंत?"

"तूच बोललास ना सांभाळा म्हणून? वारा फिरला की बोंबील पण झाकते मी. धूळ बसली असती ना तुझ्या यंत्रावर."

"अहो, धूळच तर मोजायची होती! आता तुमची तक्रार खोटी ठरेल."

त्यांचा चेहराच उतरला. चादर सोडवून त्या झटकणार, तेवढ्यात मी हात धरला. "राहू द्या. सुनावणीला अशीच घेऊन या."

गावकऱ्यांच्या तक्रारींच्या सुनावणीत त्यांनी ती आमच्या साहेबांच्या टेबलावर पसरली.

"ही काळपट चादर कशाला आणलीत?"

"काळपट नाही साहेब, पांढरीशुभ्र आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेली, यंत्रासाठी पहिल्यांदाच काढली. एकच दिवस बाहेर होती."