दोन काड्यांची आइसकांडी

पिंपळे सौदागरच्या आइस्क्रीमच्या दुकानात रांगेत पद्मजाच्या पुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या दंडावर डायलिसिसची ताजी पट्टी होती.

"सोजर, मटका कुल्फी घेऊ?"

"आटवलेलं दूध हाय त्यात. डॉक्टर मॅडम न्हाई म्हणल्यात."

"मग नारळाची?"

"ती बी किडनीला झेपत न्हाई."

"कंपनीत मी माल रिजेक्ट करायचो, आता तू करतीस."

"तुमच्याकडूनच शिकले. ती दोन काड्यांची लिंबाची घ्या. पण इरघळली की पाणीच हाय ते, डॉक्टरनी दिवसाला मोजून दिलेल्या पाण्यात धरायचं."

"म्हणून तर सकाळचा चहा सोडला."

"व्हय? आन् मला वाटलं, माझ्यावर रुसलात."

"तुझ्यावर रुसून जेवायचं कुठं?"

"चहा सोडला तरी पाय सुजलेत. अर्धी मी खाते."

"तुझ्या दाढेला गार सोसत न्हाई."

"आणा इकडं."

कांडी मधोमध मोडल्याचा बारीकसा आवाज पद्मजाला ऐकू आला.

"ठणकती का गं दाढ?"

"न्हाई."

"मग डोळं का मिटलंस?"

"चव घेतीया. तुमी खावा सावकाश."