बादलीभर अंघोळ

जर्मनीत शिकायला गेलो ना, तेव्हा एकदा घरमालकीणबाई थेट प्लंबरलाच घेऊन दारात! म्हणाल्या, "तुमचा पाण्याचा मीटर बिघडलाय. पुढे सरकतच नाही."

प्लंबरनं तपासलं, तर मीटर ठणठणीत. मग बाईंनी अवघडत विचारलं, "तुम्ही अंघोळ करता ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शॉवरखालची बादली आणि तिच्यातला मग दाखवला. म्हटलं, "रोज करतो की! एक बादली भरून घेतो."

बाई हसत सुटल्या.

संध्याकाळी गावी, सूर्यमाळला, आईला फोन लावून ही गंमत सांगितली. उन्हाळा होता, गावच्या विहिरीनं तळ गाठलेला. आई हसलीच नाही.

"अख्खी बादली? एकट्याला? तिकडं जाऊन फारच उधळ्या झालास रं!"