राणीचा परकर

मूळचे आम्ही चाकणच्या पुढचे, बाप शिंपी, जत्रेत सोंगं निघायची त्यांचे कपडे तोच शिवायचा, म्हणायचा, लोक बघतात वरचं, पण ते उभं राहतं आतल्यावर. आमचे मालक चिंचवडला कंपनीत लागले तशी मी एक मशीन घेऊन आले, आणि कंपनीच्या कॉलनीतल्या बायकांशी भाव करत करत दुकान उभं केलं, कुणाच्या बापाचं खाल्लं न्हाई, लिहा हे.

तर काय सांगू तुम्हाला, आणीबाणी उठली त्या साली गणपतीत कॉलनीचं ऐतिहासिक नाटक होतं, राणी कोण, तर मोठ्या साहेबांच्या मॅडम. मी म्हटलं, मॅडम, घोड्यावर बसणारी बाई परकर घालत नव्हती, आत गुडघ्यापर्यंतचा चोळणा, त्यावर नऊवार, मग कासोटा आवळायचा. त्या म्हणाल्या, अय्या, परकराशिवाय, सगळ्या स्टाफसमोर? मी म्हटलं, बाकी कशातही घासाघीस करा, परकरात नाही. हो हो म्हणाल्या. मी स्वतः नेसवलं, चालायला लावलं, वाकायला लावलं, कासोटा तसूभर हलला न्हाई.

मग मी मावळ्यांच्या बाराबंद्या बांधायला गेले, तेवढ्यात ह्या बाईंनी लुगडं सोडलं, चोळण्यावर परकर चढवला आणि मैत्रिणीकडून पुन्हा नेसून घेतलं. आता परकर म्हणजे गोल पिशवी, दोन पायांमधून कासोटा ओढणार कसा? तो नुसता वरवर खोचला. तिसऱ्या अंकात तलवार उपसून ढांग टाकली, पाय परकरात अडकला, कासोटा सुटला, आणि राणीच्या मागं गुलाबी लेसचा परकर. मांडवातून एक जण ओरडला, राणीसाहेब, मागचा दरवाजा उघडा हाय. अख्खा मांडव हसला.

आणि आत येऊन ह्यांनी चार बायकांसमोर काय म्हणावं?

“शेवंताबाईंनी धड नेसवलं नाही.”

परकर सगळ्यांनी पाहिला, पण तो घातला कुणी, हे एकीनं विचारलं न्हाई. साहेबांची बायको खोटं कशाला बोलेल, असं. त्या लग्नसराईत एकही नवरी माझ्याकडं नेसायला आली न्हाई. त्यांच्या दारात जाऊन भांडले, तर म्हणाल्या, जाऊ द्या हो बाई, इतकं काय त्यात. इतकं काय? माझं नाव गेलं, ते काय परत शिवता येतं?

गेल्या महिन्यात त्यांचीच मुलगी आली, कॉलेजच्या गॅदरिंगला नऊवार नेसायची म्हणून. तीही परकर घालून. म्हटलं, तो आधी काढून स्टुलावर ठेव. चोळणा दिला, नेसवलं, दुकानभर ढांगा टाकायला लावल्या. पोरगी आरशात मागं वळून बघते, म्हणते, मावशी, हलत पण नाही की, मग आईला असं का नाही नेसवलं?

“असंच नेसवलं होतं, बाळा. आईला विचार.”

विचारलं असेल, नसेल. नेसली तशीच गेली, परकर विसरून. घडी करून ठेवलाय बघा त्या फळीवर. न्यायला आई येईल म्हणून वाट बघते, अजून तरी आली न्हाई. पोरगी सुखी राहो, तिचा काय दोष.