न उघडलेल्या बाटलीचा रिव्ह्यू

भाऊंना पैजेची भारी हौस. शेजारच्या सुकेशनीच्या लोणच्यावरचा एक रिव्ह्यू ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने दिवसभरात काढला नाही, तर आपण कुरिअरच्या रांगेत दहा उठाबशा काढू, अशी त्यांची पैज. आज मुलुंडच्या त्याच रांगेत दोघं गंधाली नावाच्या एका अनोळखी मुलीच्या पुढे उभे होते.

"परत वाच गं."

"'आडनाव बघितलं, बाटली उघडलीच नाही. एक स्टार.'"

"न खाताच? अगं, मी तक्रार केली ना."

"उत्तर आलंय, भाऊ. 'रिव्ह्यू नियमात बसतो.' एकेचाळीस जणांना उपयोगी वाटलाय."

"आणि आज काय न्यायचंय?"

"परत आलेले खोके. एकही फोडलेला नाही."

भाऊंनी पिशवी ठेवून कान धरले. रांग हसायला लागली.

"गुडघे दुखतील, राहू दे."

"तू मोज."

"काकांनी केलं काय?" गंधालीने विचारलं.

"नियमांवर विश्वास ठेवला," सुकेशनी म्हणाली. "तीन."